रिमोटवरची टिकली

धारवाडला मळमड्डीत आमचं घर. स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गाडी गेली की मालिकेतलं अर्धं वाक्य तिच्याबरोबर जातं. मी गणित शिकवायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. काचबिंदूने डावा डोळा पुरता नेला, उजव्याला उजेड कुठून येतोय एवढं कळतं. तरी रोज संध्याकाळी मी टीव्ही बघते. ‘बघते’च म्हणते. ‘ऐकते म्हणा’ असं सुचवणारे भेटतात. त्यांना मी विचारते, तुम्ही आमटी चाखून बघता, ती काय डोळ्यांनी?

लोकांना वाटतं, न दिसणाऱ्याची अडचण चित्राची असणार. चित्रावाचून बरंच भागतं. मराठी मालिकेत माणसं मनातलंसुद्धा मोठ्याने बोलतात. माझं घोडं अडलं ते टीव्ही लावण्यापाशी. चॅनेल बदलायचं, करंट जाऊन आला की पुन्हा होतं तिथे यायचं, प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक. जिने बत्तीस वर्षं वर्ग धाकात ठेवला तिने दिवसातून सहा वेळा ‘अहो, जरा बातम्या लावता का’ म्हणून विनवायचं. त्यातून सुटायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत हाती लागलं ते लिहिते. सगळं सगळ्यांना लागू पडणार नाही, हे पहिल्याच मुद्द्यावरून कळेल.

१. मोठा टीव्ही हा प्रत्येक डोळ्याचा इलाज नाही

नजर उतरायला लागली तेव्हा बेंगळुरूहून मुलाने प्रेमाने ५५ इंची संच पाठवला. भिंत भरली, आणि मला पूर्वीपेक्षा कमी दिसायला लागलं. घरात कुणाला पटेना. मलाही वाटलं, डोळा एका रात्रीत गेला. हुबळीच्या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून यांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या हातात दिली आणि म्हणाले, घरी जाऊन यातून टीव्ही बघा.

काचबिंदू नजर कडेकडेने खातो. मधे उरतं ते नळीतून दिसावं तेवढं वर्तुळ. चित्र जितकं मोठं, तितका त्याचा लहान तुकडा त्या वर्तुळात मावतो. मला सुनेचं नाक दिसायचं आणि सासू भिंतीच्या दुसऱ्या टोकाला हरवलेली. जुना ३२ इंची संच माळ्यावरून काढला, खुर्ची चार फूट मागे घेतली, तेव्हा दोघी एका चौकटीत आल्या. पुढची दोन वर्षं त्यावर निघाली.

मिरजेच्या वन्सं म्हणजे नेमकं उलटं प्रकरण. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोर डाग, कडा शाबूत. त्यांना मोठाच संच हवा आणि खुर्चीही जवळच हवी. आठ फुटांवरून चार फुटांवर आलं की चित्र डोळ्याला दुप्पट मोठं भासतं, हे फुकटातलं भिंग. पण ‘जवळून बघू नका, डोळे जातील’ म्हणत घरचे त्यांना मागे ओढायचे. जवळ बसल्याने डोळे जात नाहीत. खिडकीची तिरीप काचेवर पडू द्यायची नाही, एवढी एक गोष्ट मात्र आम्हा दोघींनाही सारखीच उपयोगी पडली.

२. रिमोट हाताने वाचायचा

आमचा पहिला संच कृष्णधवल, ‘महाभारत’ सुरू झालं त्या वर्षीचा, म्हणजे १९८८चा. त्याला चॅनेलची खटखट वाजणारी चकती होती, आवाजाचं बटण पिळायचं असे. खटके मोजले की झालं. आता वाटतं, न दिसणाऱ्याला तो संच आजच्यापेक्षा सोपा होता. पुढे बटणं गुळगुळीत झाली, मग रिमोटवरचे आकडेच गेले. नव्या रिमोटवर एक गोल आणि चार-पाच बटणं. दिसणाऱ्याला सुटसुटीत, माझ्या हातात कोरी पाटी.

आकडे असलेल्या रिमोटवर ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असतो. बटणांच्या फोनवर असायचा, एटीएमवरही असतो. वर्षानुवर्षं तो माझ्या बोटाखालून गेला आणि तो तिथे का आहे, हे गणिताच्या बाईला एकदाही विचारावंसं वाटलं नाही! पाच सापडला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. त्या ठिपक्यावर अख्खा रिमोट उभा राहतो.

बाकीच्या बटणांना खुणा मी केल्या. नेलपॉलिशचा थेंब आठवड्यात झिजतो. मखमली टिकली घामाने सुटते. खड्याची टिकली आणि तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा, ही जोडी टिकते. टीव्ही चालू-बंद करायला एक खडा, आवाज मिटवायला दोन. टीव्हीच्या रिमोटला रबरबँड, सेट टॉप बॉक्सचा बिनरबराचा. गौरीला आलेल्या भाचीच्या लेकीने त्यातला एक खडा काढून आपल्या कपाळाला लावला, त्या संध्याकाळी मी काय काय दाबलं ते विचारू नका.

३. टीव्हीला वाचा असते, ती कुणीतरी उघडावी लागते

३२ इंची संच दमला तेव्हा नवा घ्यायला आम्ही ‘चिगरी’ बसने हुबळीला गेलो, कोप्पीकर रोडला. दुकानदार यांच्याशीच बोलत होता. कुणासाठी? हिच्यासाठी. मग थोडी शांतता. मी म्हटलं, सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि टॉकबॅक चालू करा. त्याने ते पान आयुष्यात उघडलं नसावं. चालू होताच संच बाईच्या आवाजात एकेक शब्द वाचू लागला, तसा तो दचकला. ‘पीस सरी इल्री अम्मा,’ म्हणाला. माल बिघडलेला आहे, दुसरा काढतो.

माल चांगला होता. टॉकबॅक हे अँड्रॉइड आणि गूगल टीव्हीतलं नाव. सॅमसंगच्या संचात व्हॉइस गाइड, एलजीच्या संचात ऑडिओ गायडन्स, ॲमेझॉनच्या फायर टीव्हीत व्हॉइसव्ह्यू, ॲपलच्या डबीत व्हॉइसओव्हर. काम सगळ्यांचं एक: बाणाच्या बटणाने तुम्ही जिथे पोचलात तिथलं मोठ्याने वाचायचं. फायर टीव्हीच्या रिमोटवर ‘बॅक’ आणि ‘मेनू’ दोन सेकंद एकत्र दाबून धरले की बोलणं सुरू होतं. गूगल टीव्हीवर ‘बॅक’ आणि खालचा बाण थोडा जास्त वेळ धरायचा. काही संचांत हा शॉर्टकट आधी सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावा लागतो. मुद्दा असा की ही सोय वेगळी विकत घ्यावी लागत नाही. तुमच्या दिवाणखान्यातल्या संचात आत्ता ती असण्याची शक्यता बरीच आहे.

ती आली कुठून? अमेरिकेत २०१० साली कायदा झाला आणि २० डिसेंबर २०१६ पासून तिथल्या टीव्हींचे आणि सेट टॉप बॉक्सचे मेनू बोलते असणं सक्तीचं झालं. जगभर संच विकणाऱ्या कंपन्या दर देशासाठी वेगळं सॉफ्टवेअर कशाला लिहितील? तिथल्या आंधळ्यांनी भांडून मिळवलेला आवाज मळमड्डीत माझ्या घरी बोलतो, असा माझा हिशेब.

दुकानात पैसे देण्याआधी आणखी दोन गोष्टी कराव्यात. रिमोट स्वतःच्या हातात घेऊन, जमल्यास डोळे मिटून, आवाज कमी-जास्त करण्यापासून यूट्यूब उघडण्यापर्यंत सगळं करून बघावं. आणि तुम्हाला हवी ती ॲप उघडून बघावीत. टीव्ही बोलका असला तरी ॲप लिहिणाऱ्याने बटणांना नावं दिलेली नसतील, तर ‘बटण, बटण, बटण’ एवढंच ऐकू येतं. बोलणारा आवाज इंग्रजी असेल तर देवनागरी नावापाशी तो बहुतेक वेळा गप्पच बसतो. गूगलच्या आवाजांत मराठी आहे, कन्नडही आहे. मी मराठी ठेवला. इंग्रजी नावांची तो पार दैना करतो, पण वाचतो.

घरी आणल्यावरचा एक प्रसंग. वायफायच्या कामाला आलेला मुलगा जाताना म्हणाला, मॅडम, तुमचा टीव्ही आपोआप बडबडत होता, तेही नीट करून दिलं, त्याचे पैसे नकोत. तीन दिवस संच मुका. आता मागच्या बाजूला कन्नड आणि इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली आहे: हा आवाज बिघाड नाही, हात लावू नये.

४. माइकच्या बटणावर भुलू नये

विकणारे ते बटण दाबून दाखवतात. नाव बोला, सिनेमा हजर. मी ‘अशी ही बनवाबनवी’ म्हटलं आणि त्याने समोर यादी आणून ठेवली. यादीत काय आहे ते मात्र सांगेना. ऐकू येणं आणि बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता माइक असलेला टीव्ही बहिऱ्याचा मुका झालेला असतो.

५. सेट टॉप बॉक्सपाशी पुन्हा अंधार होतो

हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. टीव्ही बोलतो, मग केबलच्या चॅनेलची यादी का वाचत नाही? मुलाने फोनवर समजावलं ते असं. टॉकबॅक पडद्याकडे बघून वाचत नाही. टीव्हीतलं सॉफ्टवेअर त्याच्या हातात शब्द देतं, तो ते म्हणतो. सेट टॉप बॉक्स मात्र तारेतून टीव्हीला तयार चित्र पाठवतो. चॅनेलची नावं, कार्यक्रमाची वेळ, ‘तुमचं रिचार्ज संपत आलं आहे’ ही सूचना, सगळं चित्रात रंगवून आलेलं. हातात पत्र आलं तर कुणीही वाचून दाखवेल. पत्राचा फोटो आला आणि वाचणाऱ्याला फोटो दिसत नसेल तर काय करणार? बोलायचं तर बॉक्सलाच बोलता यायला हवं. आमचा बोलत नाही.

तेव्हा पाठांतर. पाढे पाठ असलेल्या बाईला बारा चॅनेलचे नंबर काही जड नव्हते. ते पाठ झाले आणि एका सकाळी सगळे नंबर बदलले; सूचना अर्थातच पडद्यावर येऊन गेली होती. बातम्यांच्या जागी मला दागिने विकणारी बाई भेटली. त्यानंतर मी बॉक्सवरचा भार कमी केला. बऱ्याच मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट चालू असतात, आणि यूट्यूब टीव्हीच्या पोटातलंच असल्याने टॉकबॅकला ते वाचता येतं. नेटचा खर्च वाढतो. यांना हाक मारणं मात्र जवळजवळ थांबलं.

पावसाळ्यात करंट जाऊन आला की बॉक्सचं चित्र जातं आणि टीव्ही स्वतःच्या पहिल्या पानावर येऊन बसतो. तिथून ‘इनपुट’मध्ये जाऊन एचडीएमआय निवडायचं. ही वाट टॉकबॅक वाचतो. पहिल्यांदा एकटीने तिथपर्यंत पोचले त्या दिवशी मी चहासुद्धा कुणाला सांगितला नाही, स्वतःच केला.

६. वर्णन करणारं माणूस पारखून घ्यावं

आमचे ‘हे’ वर्णन करायला बसले की घात. प्रसंग उलटून गेल्यावर सांगतात, आणि सांगतात ते मत. ‘ही बाई लबाड आहे.’ अहो, पण ती काय करतेय? ‘तेच, लबाडी.’

पलीकडच्या अक्कांची मातृभाषा कन्नड, मराठी त्यांना ऐकून ऐकून येतं. त्या माझ्याकडे संध्याकाळी मालिका बघायला येतात आणि त्यांचं तोंड चालू असतं: ‘आकी बंद्ळ्री (ती आली), हिरवी साडी, हातात कागद, लपवला बघा पदरात.’ दोन संवादांच्या फटीत, पाच शब्दांत, फक्त दिसलं तेवढं. त्यांना कुणी शिकवलेलं नाही. परदेशात याच कामाचे पगार मिळतात. बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या केंद्राने १९९० साली टीव्हीवर अशी वर्णनसेवा सुरू केली. एप्रिल २०१५ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘डेअरडेव्हिल’ आली; तिचा नायक आंधळा वकील, आणि मालिका आली तेव्हा तिला वर्णनच नव्हतं! आंधळ्या प्रेक्षकांनी गलका केल्यावर काही दिवसांत ते आलं. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये ‘पठाण’चं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ओटीटीवर येणाऱ्या प्रतीसाठी वर्णन आणि सबटायटल तयार करायला निर्मात्यांना सांगितलं गेलं. काही सिनेमांत भाषेच्या यादीतच ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ असं लिहिलेलं असतं, तिथे जरूर शोधावं. मराठी मालिकेला असं वर्णन माझ्या कानावर अजून पडलेलं नाही. ‘धाड धाड धाड’ असं संगीत तीन वेळा वाजतं, तेव्हा तीन चेहरे एकामागून एक दाखवतात, हेही मला अक्कांनीच सांगितलं.

७. ‘गाणं ऐका’ म्हणणाऱ्यांना उत्तर तयार ठेवावं

धारवाडात हा सल्ला चुकत नाही. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचं नाव निघतंच. पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई, दोघेही अंध. त्यांनी केवढे शिष्य घडवले, आमच्या धारवाडचे बसवराज राजगुरू पंचाक्षरी गवयांचेच. सगळं खरं, हात जोडून खरं. पण मला सूर कळत नाही. मला बेळगावच्या भांडणाचं आज काय झालं ते हवं असतं, आणि आठ वाजता सासूने घर सोडलं का ते.

८. क्रिकेटला रेडिओ

टीव्हीवरचा समालोचक ‘वा, काय फटका’ म्हणून थांबतो. चेंडू कुठे गेला ते चित्रात असतं. रेडिओवाल्याला सगळं तोंडाने उभं करावं लागतं. बाळ पंडितांचं मराठी समालोचन ऐकलेल्या पिढीला हे सांगायला नको. पूर्वी टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ ठेवायची युक्ती होती. आता टीव्ही काही सेकंद मागे असतो, फोनवरचा सामना त्याहून मागे. गल्लीत ओरडा झाला की आमच्याकडे विकेट पडायची असते.

९. कायद्याचं कलम पाठ असू द्यावं

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२. त्यात दृक्‌श्राव्य माध्यमांसाठी वर्णनाचा उल्लेख आहे, आणि रोजच्या वापराची विजेची उपकरणं सगळ्यांना वापरता येतील अशी असावीत हेही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये टीव्ही कार्यक्रमांसाठी निकष आले ते ऐकू न येणाऱ्यांपुरते. चांगलेच झाले, पण आमचा भाग राहिला. चित्रपटगृहांसाठी मार्च २०२४ मध्ये दोघांचाही विचार झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा. तक्रार लिहिताना एवढं लिहिलं की निदान उत्तर येतं.

१०. शेवटचं, ज्याला पैसा लागत नाही

ऑगस्ट २०१९. कृष्णेला पूर, सांगली पाण्यात, आणि वन्सं मिरजेला. फोन लागेना. हे हुबळीला अडकलेले, घरात मी एकटी. अक्षरं दिसेनाशी होऊन वर्ष झालं होतं. एका वाहिनीवर निवेदिका दर दहा मिनिटांनी सांगत होती, मदतीसाठी स्क्रीनवर दिसत असलेल्या क्रमांकांवर संपर्क साधा. आवाज चांगला होता तिचा, काळजीचा होता. क्रमांक तिने एकदाही म्हटला नाही. मी टीव्हीच्या काचेला नाक लावून उभी होते. शेवटी अक्कांना मागच्या दाराने बोलावलं, त्यांनी कन्नडमध्ये आकडे वाचले, मी पाटीवर खडूने मोठे लिहून घेतले. वन्सं सुखरूप होत्या, शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर.

वाहिन्यांतल्या निवेदकांपैकी, जाहिराती लिहिणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझी मागणी एवढीच आहे: ‘स्क्रीनवर दिसत असलेला’ म्हणून पुढे जाऊ नका, तो नंबर तोंडाने म्हणा. बोलणारं घड्याळ शेजारी ठेवून मी मोजलं आहे. दहा आकडे सावकाश म्हणायला सात सेकंद लागतात.